स्फॅक्सला असं, बेल्जियमला तसं

काकांना कुठलाही साधा प्रश्न विचारला की उत्तराआधी आफ्रिकेला आणि युरोपला जाऊन यावं लागे. "काका, चहात साखर किती?" एवढंच विचारावं, तर ते म्हणत, "स्फॅक्सला चहा इतका गोड असायचा की दात शिवशिवायचे. बेल्जियमला साखरेची पुडी बशीत वेगळी ठेवायचे, घालायची तर घाला. आता यात काय ते तू बघ." एवढं ऐकूनही साखर किती घालायची ते कळलेलं नसे. मी आपली दीड चमचा घालायची. चार वर्षांत त्यांनी त्या चहाबद्दल कधी तक्रार केली नाही आणि कधी कौतुकही केलं नाही.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, शॉमबर्ग नावाच्या गावात एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहत होतो. मी, माझा नवरा निखिल आणि आमची आठ वर्षांची ईरा. समोरच्या बिल्डिंगमध्ये समीर आणि ऋचा हे जोडपं होतं, आणि काका म्हणजे समीरचे वडील. आडनाव गद्रे, पण कॉम्प्लेक्समधली सगळी मराठी मंडळी त्यांना स्फॅक्सकाकाच म्हणायची. काका मूळचे अलिबागचे, खताच्या कारखान्यात केमिकल इंजिनीअर. कंपनीने त्यांना ट्युनिशियातल्या स्फॅक्स नावाच्या बंदराच्या शहरात पाठवलं, तिथे नऊ वर्षं काढली. पुढे त्याच कामावर सहा वर्षं बेल्जियमला. दोन्हीकडे काकू बरोबर होत्या. मग अलिबागला एकटेच राहत होते, तिथून समीरने त्यांना अमेरिकेला आणलं.

निखिल प्रोग्रॅमर असल्यामुळे त्याला या तुलनेचा फार त्रास व्हायचा. एकदा तो म्हणाला, "काका, शहराची तुलना देशाशी कशी करता? स्फॅक्स व्हर्सेस ब्रसेल्स म्हणा. नाहीतर ट्युनिशिया व्हर्सेस बेल्जियम म्हणा. ॲपल्स टू ॲपल्स पाहिजे ना यार!" वयाने दुप्पट असलेल्या माणसाला यार म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. काका शांतपणे म्हणाले, "ट्युनिशिया मला माहीत नाही. मी स्फॅक्सला होतो."

"बरं, मग बेल्जियममध्ये कुठल्या गावी होता?"

काकांनी बोटाने हवेत नकाशा काढून पाहिला. "अँटवर्पच्या अलीकडे होतं. नाव जरा अवघड आहे. समीरला विचारून सांगतो."

सहा वर्षं राहिलेल्या गावाचं नाव मुलाला विचारून सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि हेच काका स्फॅक्सच्या जुन्या गावातल्या गल्ल्या, ऑलिव्ह तेलवाल्याचं दुकान, त्याच्या शेजारचा न्हावी, न्हाव्याच्या तीन मुली आणि त्यांची लग्नं कुठे कुठे झाली ते सगळं न अडखळता सांगायचे. शॉमबर्गचं नाव तर त्यांच्या तोंडी कधीच आलं नाही. आमच्या पार्किंगमध्ये बर्फ पडलं तरी "अमेरिकेला बर्फ फार" आणि आमच्या तळ्यातली बदकं रस्त्यावर आली तरी "अमेरिकेला बदकांना शिस्त नाही." अमेरिकेचा एवढाच तुकडा त्यांनी पाहिला होता.

माणसांना मात्र ते गावाच्या नावानेच हाक मारायचे. मी नागपूर, निखिल सोलापूर. कॉम्प्लेक्सचे नळ आणि हीटर दुरुस्त करणारा लुईस मेक्सिकोतल्या पुएब्लाचा, म्हणून तो पुएब्ला. पहिल्या भेटीत काकांनी ईराला विचारलं होतं, "तुझं गाव कुठलं?" ती म्हणाली, "हिअर. धिस इज माय गाव." काका गोंधळले. मग त्यांनी तिला ईराच म्हणायचं ठरवलं.

काकांची एक घडीची खुर्ची होती. रोज संध्याकाळी चार वाजता ते ती काखेत मारून खाली यायचे आणि पत्रपेट्यांच्या शेजारी मांडून बसायचे. आमच्याकडे तळ्याकाठी चांगली बाकं होती, झाडाखाली सावली होती, पण तिथे नाही. "तिथे माणसं पळायला येतात. इथे थांबतात," असं त्यांचं म्हणणं. टपाल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मान हलवून नमस्कार करायचे. अमेरिकेत पार्किंगच्या कडेला खुर्ची टाकून कोणी बसत नाही हे समीरने त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. काका म्हणायचे, "स्फॅक्सला दुकानाबाहेर खुर्ची दिसली की येणाराजाणारा बसायचा. बेल्जियमला खुर्ची बाहेर दिसली की लोकांना वाटायचं, फेकून दिलीय." यात तुमचं काय म्हणणं, असं विचारायची सोय नव्हती.

ईदच्या दिवशी ते स्वतः स्वयंपाकघरात शिरत आणि मनुका आणि कांदा ऑलिव्ह तेलात तास न् तास परतून एक काळसर, आंबटगोड चटणी करत. स्फॅक्सचे लोक ती ईदला खारवलेल्या माशाबरोबर खातात म्हणे. काका-काकू मासे न खाणारे, म्हणून ते नुसती चटणी पोळीशी खायचे. तिथल्या शेजारणीने पहिल्याच आठवड्यात ती आणून दिली होती आणि काकूंनी उलट लाडू पाठवले होते. "आणि बेल्जियमला?" मी विचारलं. "बेल्जियमला ही शेजारी लाडू घेऊन गेली. त्यांनी आनंदाने घेतले. दुसऱ्या दिवशी डबा घासून, पुसून, आत थँक यूचं कार्ड घालून परत. कार्ड फार सुंदर होतं हो. ही जपून ठेवायची."

मला काकांचं हे सगळं ऐकायला आवडायचं, कारण त्यावर माझं काही अवलंबून नव्हतं. मग सप्टेंबरात एका सोमवारी सकाळी निखिलच्या कंपनीने त्याची अख्खी टीम बंद केली.

व्हिसावर असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही कुठे होतो ते आम्हालाच माहीत नव्हतं. निखिल दिवसभर लॅपटॉपपुढे बसून अर्ज करायचा. दुसऱ्या आठवड्यात कंपनीचाच फोन आला: हेच काम आमच्या दुसऱ्या ऑफिसात आहे, जाणार का? तीन आठवड्यांत सांगा. ते ऑफिस बेल्जियममध्ये होतं.

म्हणजे आता दोनच रस्ते. नागपूरला परत, नाहीतर बेल्जियम. शॉमबर्गला राहणं हा पर्यायच नव्हता आणि मला तर तोच हवा होता. ईराची शाळा, तळं, माझा रविवारचा मराठीचा वर्ग, सगळं तिथे. मला रात्री झोप लागेना. आणि बेल्जियमला प्रत्यक्ष राहिलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. तो रोज चार वाजता पत्रपेट्यांपाशी बसलेला असायचा.

"काका, स्पष्ट सांगा. बेल्जियमला जाऊ की नको?"

काका गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी ते कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या पाठीवर दोन रकाने आखून घेऊन आले. एकाच्या डोक्यावर स्फॅक्स, दुसऱ्याच्या डोक्यावर बेल्जियम. बस, डॉक्टर, शेजारी, पाऊस, भाजी, पोलीस, अशा ओळी होत्या. मी डोक्याला हात लावला. "अहो काका, मला स्फॅक्सला जायचंच नाहीये! शॉमबर्ग आणि बेल्जियम असं लिहून द्या ना."

"शॉमबर्गचं मला काय माहीत?" काका म्हणाले. "मी इथे राहत नाही. मुलाकडे असतो."

मला ते लागलं. चार वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन हा माणूस इथे राहतच नव्हता म्हणे. पण भांडायला वेळ नव्हता. मी कागद वाचायला घेतला. बसच्या ओळीत लिहिलं होतं: स्फॅक्स – बस येत नसे, थांब्यावर गप्पा होत. बेल्जियम – बस ठरल्या मिनिटाला येई, थांब्यावर मी एकटा.

"पोलीस कशाला लिहिलंय?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी तो किस्सा सांगितला. बेल्जियमला नवीन घरात गेलं की नगरपालिकेत नाव नोंदवायचं, मग पोलीस घरी येऊन बघतो, हा माणूस खरंच इथे राहतो का. काकांकडे पोलीस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा संध्याकाळी, आणि तिन्ही वेळा घराला कुलूप. "आम्ही संध्याकाळी घरात बसणारी माणसं नव्हतो गं. नऊ वर्षांची सवय. रस्त्यावर माणसं दिसतील म्हणून बाहेर पडायचो. ती नसायची. मग आम्ही दोघंच फिरून यायचो." पोलिसाने शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, माहीत नाही. महिन्याभराने पत्र आलं की आपण या पत्त्यावर राहत नसल्याचं आढळून आलं आहे. "आणि ते पत्र आम्हाला बरोबर त्याच पत्त्यावर आलं," काका म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

"स्फॅक्सला एकदा मला कारखान्यातून यायला उशीर झाला, तर तीन दुकानदार वेगवेगळे येऊन हिला सांगून गेले की मी अजून आलो नाही. हिला ते माहीत होतंच."

"म्हणजे बेल्जियम वाईट?" मी घाईने विचारलं. मला आता कुठलं तरी एक उत्तर हवं होतं.

काका कागदावरच्या डॉक्टरच्या ओळीवर बोट ठेवून बसले. काकू बेल्जियमला वारल्या एवढं मला ऋचाकडून कळलं होतं. काका त्याबद्दल कधी बोलले नव्हते. "स्फॅक्सला हिचा नुसता हात मोडला होता," ते म्हणाले, "तर घरात चाळीस माणसं. हिला झोपायला मिळेना. शेवटी मी बायकांच्या पाया पडलो की आता जा. बेल्जियमला हिला मोठा आजार झाला, तेव्हा जे औषध दिलं ते स्फॅक्सला मिळालं नसतं. दोन वर्षं जास्त मिळाली हिला. ती बेल्जियमची. डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसून सगळं समजावायचा. आणि गेली तेव्हा पोचवायला आम्ही तिघं होतो. मी, समीर आणि गाडीचा ड्रायव्हर." त्यांनी कागदाची घडी केली. "आता यात काय ते तू बघ."

मी काय बघणार? घरी येऊन मी निखिलला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे यस की नो?" मला काकांचा रागही आला आणि रडूही आलं. शेवटी आमचा निर्णय आम्ही काकांच्या तक्त्यावरून घेतलाच नाही. निखिलला नोकरी हवी होती आणि ती बेल्जियमला होती. मुदतीच्या आदल्या दिवशी त्याने ईमेलने होकार कळवला. मी शेजारी उभी होते. बटण दाबल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे असे पाहत राहिलो की जणू तिसऱ्याच कोणीतरी ते दाबलं.

त्याच दुपारी मी ईराला बसस्टॉपवरून घेऊन येत होते, तर पत्रपेट्यांपाशी पोलिसांची गाडी. कोणातरी नव्याने राहायला आलेल्या माणसाने फोन केला होता की एक अनोळखी म्हातारा रोज इथे बसून लोकांच्या टपालावर नजर ठेवतो. पोलीस तरुण होता, नम्रपणे बोलत होता. काका खुर्चीतून उठून, शाळेतल्या मुलासारखे हात बाजूला धरून उभे होते.

"डू यू लिव्ह हिअर, सर?" पोलिसाने विचारलं.

"नो, सर," काका म्हणाले.

या माणसाने आयुष्यात खोटं बोलायची हीच एक वेळ होती आणि नुसतं हो म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं! पोलीस वहीत लिहायला लागला. काका पुढे समजावू लागले, "माय सन लिव्हज हिअर. आय ॲम फ्रॉम अलिबाग." पोलिसाने अलिबागचं स्पेलिंग विचारलं.

मी धावले, पण माझ्याआधी लुईस पोचला. हातात पाना घेऊन तो समोरच्या बिल्डिंगमधून ओरडतच आला, "ही लिव्हज हिअर! बिल्डिंग फोर!" टपालवाली बाई गाडी थांबवून उतरली आणि म्हणाली, हे इथलेच, मी रोज यांना बघते, दोन दिवस खुर्ची दिसली नाही तर मी यांच्या सुनेला विचारते. कुत्रा फिरवणारी तळमजल्यावरची आजी, जिचं नाव मला आजतागायत माहीत नाही, ती कुत्र्यासकट मध्ये घुसली. मी काय बोलले ते मला आठवत नाही; मराठीतच बोलले असं ईरा म्हणते. ईरा मात्र पोलिसाच्या पुढ्यात उभी राहून ठणकावून म्हणाली, "ऑफिसर, ही इज कन्फ्यूज्ड. ही टोटली लिव्हज हिअर."

पोलीस हसला. त्याने लिहिलेलं खोडलं, काकांची माफी मागितली आणि गेला. काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला होता की मी पाणी आणू का विचारलं. ते लुईसकडे, टपालवालीकडे, कुत्र्याकडे आळीपाळीने बघत होते. मग म्हणाले, "याला बिल्डिंगचा नंबर कसा माहीत?" मी म्हटलं, "काका, चार हिवाळे तो तुमचा हीटर दुरुस्त करतोय."

त्या दिवशी त्यांनी स्फॅक्सचं नाव काढलं नाही, बेल्जियमचंही नाही. आम्ही होकार दिल्याचं मी त्यांना तेव्हा सांगितलंच नाही. आठवडाभराने सांगितलं. ते म्हणाले, "असं का?" आणि खुर्चीची घडी घालून त्या दिवशी लवकर वर गेले.

आम्ही निघालो त्या सकाळी ते ओहेअर विमानतळावर जायच्या गाडीपाशी आले. हातात चटणीची बाटली होती, झाकणाला प्लास्टिक बांधलेली, आणि तोच कालनिर्णयाचा कागद. आता त्यावर तिसरा रकाना होता. पट्टी न घेता आखलेला, तिरका. वर लिहिलं होतं, शॉमबर्ग. बस, डॉक्टर, भाजी, सगळ्या ओळी रिकाम्या. फक्त पोलिसाच्या ओळीत बारीक अक्षरात होतं: मी नाही म्हणालो. पाच जण हो म्हणाले.

मला हुंदका आवरेना. "काका, हे आता देताय? आता सामान गाडीत गेलं! मग आम्ही जातोय ते बरोबर की चूक?"

काकांचेही डोळे भरले होते. "आता यात काय ते..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी ईराच्या डोक्यावर हात ठेवला. "शॉमबर्ग, जपून जा." ईराला त्यांनी पहिल्यांदाच गावाच्या नावाने हाक मारली होती. ती म्हणाली, "बाय, काका," आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली.

दोन महिन्यांनी समीरची नोकरी टेक्सासला, फ्रिस्कोला गेली आणि त्याच्याबरोबर काकाही गेले. आम्ही इकडे तात्पुरत्या जागेतून नवीन घरात आलो, नगरपालिकेत नावं दिली आणि मी दोन आठवडे संध्याकाळची घराबाहेर पडले नाही. दूध संपलं तरी नाही. पोलीस आला. त्याने तीन टूथब्रश पाहिले, ईराचा पलंग पाहिला, कागदावर खूण केली आणि गेला. आम्ही इथे राहतो असं आता सरकारदरबारी लिहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला. ते आधी टेक्सासवर घसरले. "टेक्सासला घरं मोठी गं, पण पत्रपेटीपाशी कोणी थांबत नाही, गाडीतूनच हात काढून टपाल घेतात. शॉमबर्गला कसं, सगळे उतरायचे. शॉमबर्गला तो पुएब्ला..." ते बोलत राहिले. मी ऐकत राहिले. स्फॅक्स कुठे गेलं, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. मीही सांगितलं, बेल्जियमला असं आहे, बेल्जियमला तसं आहे, शॉमबर्गला आपलं कसं होतं.

"गाव कुठलं म्हणालीस तुझं?" काकांनी मध्येच विचारलं.

मी तोंड उघडलं आणि नाव आठवेना. जिभेवर होतं, पण येईना. मी निखिलकडे बघितलं. तोही लॅपटॉपमध्ये पत्ता शोधायला लागला.

मला वाटलं, काका आता म्हणतील, यात काय ते तू बघ. मी वाटच पाहत होते. पण चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला सरळ, एका दमात सांगितलं, "नागपूर, उद्या शेजारी जाऊन ये. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि डबा कार्ड घालून परत आला, तर पुन्हा भरून ने."

फोन ठेवला आणि मी रवा भाजायला घेतला.